महापौर मोठा की मॅनेजर? डरहॅमचा कारभार नेमका कोण चालवतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून येऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये घर घेतलं. कॉलनीच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे. घरपट्टीच्या बिलावर शहर आणि काउंटी अशी दोन नावं आहेत आणि शाळेचं मंडळ तिसरंच. इथला कारभार नेमका कोण पाहतं, आणि खड्ड्यासाठी महापौरांना भेटावं का?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेच्या लेखा विभागात मी सहा वर्षं काढली. नंतर इकडे येऊन डरहॅमजवळच्या दुसऱ्या एका शहराच्या बजेट विभागात अठरा वर्षं नोकरी केली. राहते डरहॅममध्येच. त्यामुळे पट्टी वसूल करणाऱ्यांच्या बाजूनंही पाहिलंय आणि भरणाऱ्यांच्या बाजूनंही.

महापौरांना जरूर भेटा, माणूस बोलका आहे. पण खड्डा त्यांच्या हातात नाही. ते नुसत्या हुकमानं डांबराचा एक ट्रक हलवू शकत नाहीत, आणि हे मी शब्दशः म्हणतेय.

डरहॅमची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत २,८३,५०६ होती. एवढ्या शहराला निवडून दिलेली माणसं किती? सात. एक महापौर आणि सहा काउन्सिल मेंबर. दीडशेच्या वर नगरसेवक असलेल्या पुण्यातून आलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो. सहापैकी तिघे वॉर्डातून येतात, पण त्यातही गंमत आहे. उमेदवार त्या वॉर्डात राहणारा हवा, मतं मात्र सगळ्या शहरानं द्यायची. त्यामुळे ‘आमच्या वॉर्डाचा नगरसेवक’ हे आपल्याकडचं नातं इथे फारसं जमत नाही. सातही जण तुमचेच, त्यामुळे एका अर्थानं खास तुमचा असा कुणीच नाही. महापौराची मुदत दोन वर्षं, बाकीच्यांची चार. निवडणूक विषम सालात, पक्षाच्या चिन्हाशिवाय. ऑक्टोबरात प्राथमिक फेरी आणि नोव्हेंबरात अंतिम.

हे सातजण पूर्णवेळ राजकारणी असतात असंही नाही. २०२३ मध्ये महापौर म्हणून निवडून आलेले लिओनार्डो विल्यम्स आधी शिक्षक होते, नंतर त्यांनी पत्नीबरोबर रेस्टॉरंट काढलं. काउन्सिलमध्ये महापौर अध्यक्षस्थानी बसतो, शहराच्या वतीनं बोलतो, फिती कापतो आणि सातांतलं एक मत देतो. नकाराधिकार नाही. खातेप्रमुख नेमण्याचा अधिकार नाही. न्यूयॉर्क-शिकागोच्या महापौरांच्या बातम्या वाचून जे चित्र डोक्यात बसलेलं असतं ते इथे काढून टाका.

मग कारभार कोण चालवतं? सिटी मॅनेजर. आपल्या भाषेत सांगायचं तर हा आयुक्तच, फक्त नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही काउन्सिलच्या हातात असलेला आयुक्त. हा एक फरक नीट समजला की बाकी सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबते.

महाराष्ट्रात महापालिकेचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं. नवी मुंबईत २०१६ मध्ये नगरसेवकांनी तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर केला, तरी मुंढे पुढचे काही महिने त्याच खुर्चीवर होते, कारण दोरी मंत्रालयातून हलत होती. डरहॅममध्ये सातांपैकी चारांनी हात वर केले की मॅनेजरला घरी जावं लागतं. करारात ठरलेली भरपाई मिळते तेवढीच. उलटी बाजूही बघा. पुण्यामुंबईत २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकानंच कारभार हाकला. इथे तसं होऊ शकत नाही. काउन्सिलच नसेल तर मॅनेजरला नेमणार कोण आणि त्याचं अंदाजपत्रक मंजूर करणार कोण?

नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा म्हणतो की मॅनेजर निवडताना फक्त त्याची प्रशासकीय लायकी बघायची. नेमणुकीच्या वेळी तो त्या शहराचा, त्या राज्याचा रहिवासी असायचीही गरज नाही. त्याला बदलीची केडर नसते. देशभर जाहिरात निघते, मुलाखती होतात, पगार घासाघीस करून ठरतो. शहरातली जवळपास सगळी माणसं, पोलीस प्रमुखापासून कचऱ्याच्या गाडीवरच्या मदतनिसापर्यंत, मॅनेजरच्या हाताखाली येतात आणि त्यांना नेमणं-काढणंही त्याचंच काम. काउन्सिल थेट फक्त तिघांना नेमतं: मॅनेजर, शहराचा वकील आणि सिटी क्लर्क, म्हणजे आपला नगरसचिव.

ही पद्धत आली कुठून? दोन संकटांतून. टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन १९०० सालच्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथे खातेनिहाय कमिशनर निवडून द्यायचा प्रयोग सुरू झाला. पण निवडून आलेला प्रत्येक जण आपापल्या खात्याचा राजा झाला. पुढे व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन या छोट्या गावानं १९०८ मध्ये पगारी व्यवस्थापक ठेवून पाहिला. मग मार्च १९१३ मध्ये ओहायोतलं डेटन महापुरात बुडालं. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कारखान्याचे मालक जॉन पॅटरसन यांनी त्या पुरात बचावकार्य उभं केलं होतं, आणि शहर कारखान्यासारखं चालवा म्हणून ते आधीपासूनच मागे लागलेले. १९१४ मध्ये डेटननं मॅनेजर पद्धत स्वीकारली, असं करणारं ते पहिलं मोठं शहर. त्यांचा पहिला मॅनेजर हेन्री वेट हा सिनसिनाटीचा इंजिनियर, म्हणजे चक्क बाहेरगावचा. ‘शहर कारखान्यासारखं चालवा’ या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. कारखान्याला नको असलेलं गिऱ्हाईक सोडून देता येतं, शहराला नाही. पण पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरनं कुठला व्हॉल्व्ह आधी दुरुस्त करायचा हे मेंबरच्या मेव्हण्याच्या फोनवरून ठरू नये, एवढं तरी या पद्धतीनं साधलं.

पूर्ण साधलं का? नाही. मेंबरनं मॅनेजरला टाळून थेट खात्यातल्या माणसाला काम सांगायचं नाही असा दंडक असतो. तरी फोन येतातच, भाषा फक्त गोड असते. ‘सहज विचारलं, अमक्या फुटपाथचं काय झालं?’ माझ्या नोकरीत असा सहज प्रश्न आला की मी तो लिहून मॅनेजरच्या ऑफिसला पाठवून द्यायचे. पहिल्या वर्षी मला तो आगाऊपणा वाटायचा, नगरपालिकेतली सवय. नंतर कळलं की त्यात माझंच संरक्षण होतं.

आता तुमच्या बिलावरची दोन नावं.

काउंटी म्हणजे ढोबळ मानानं जिल्हा, पण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून आलेला साहेब तिथे नसतो. डरहॅम काउंटीला पाच कमिशनर आहेत. ते पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि तेही आपला मॅनेजर नेमतात. शहर १८६९ मध्ये स्थापन झालं, काउंटी १८८१ मध्ये ऑरेंज आणि वेक काउंट्यांतून कापून काढली. काउंटीतले बहुतेक लोक आता शहराच्या हद्दीतच राहतात, त्यामुळे तुम्ही दोघांचेही करदाते. पोलीस, अग्निशमन, पाणी, सांडपाणी, कचरा, बागा हे शहराचं. सार्वजनिक आरोग्य, समाजकल्याण, अँब्युलन्स, वाचनालयं, तुरुंग हे काउंटीचं. नगररचना खातं दोघांचं मिळून एकच. खरेदीखत नोंदवायला गेलात ते रजिस्टर ऑफ डीड्सचं ऑफिस काउंटीचं आणि तो अधिकारी चक्क निवडून येतो. शेरीफही निवडून येतो. तुम्हाला ज्या दोन प्रकारच्या गाड्या दिसतात त्यांतली एक शहर पोलिसांची, दुसरी शेरीफची. शेरीफ तुरुंग आणि कोर्टाचा बंदोबस्त बघतो आणि शहराच्या हद्दीबाहेर गस्त घालतो.

हद्दीचं म्हणाल तर पोस्टाच्या पत्त्यावर विश्वास ठेवू नका. पत्त्यात ‘डरहॅम’ असलं म्हणजे घर डरहॅम शहरात असतंच असं नाही. तुमचं ऑफिस रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये असेल, आपल्यातल्या निम्म्यांचं असतंच, तर १९५९ मध्ये उभ्या राहिलेल्या या पार्कचा मोठा भाग डरहॅम काउंटीत आहे, पण तो शहराचा भाग नाही आणि शहराला तो आपल्यात ओढूनही घेता येत नाही. दिवसा तुम्ही काउंटीत असता, रात्री शहरात.

शाळेचं कोडं सगळ्यात अवघड. शाळा मंडळ स्वतंत्र निवडून येतं, पण त्याला एक सेंटही कर लावायचा अधिकार नाही. शिक्षकांचा मूळ पगार राज्याकडून येतो. इमारती आणि पगारावरचा स्थानिक वाढावा काउंटीनं द्यायचा. म्हणजे दर वसंतात शाळा मंडळ काउंटी कमिशनरांपुढे झोळी घेऊन जातं. शहराचा यात संबंध नाही, महापौराचा तर अजिबात नाही. शाळेच्या कारणावरून शहराच्या काउन्सिलसमोर तावातावानं बोलणारे पालक मी दरवर्षी बघते. मेंबर शांतपणे ऐकून घेतात, कारण ऐकण्यापलीकडे त्यांना काही करताच येत नाही. (शहराच्या आणि काउंटीच्या शाळा आधी वेगवेगळ्या होत्या, १९९२ मध्ये एक झाल्या.)

घरपट्टीचं एकच बिल काउंटी काढते आणि शहराचा वाटा शहराला देते. दर शंभर डॉलर किमतीमागे इतके सेंट असा असतो. खरा गोंधळ होतो तो फेरमूल्यांकनाच्या वर्षी. कायद्यानं किमान आठ वर्षांतून एकदा सगळ्या घरांच्या किमती नव्यानं ठरवाव्या लागतात. डरहॅममध्ये हे २०१९ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये झालं. त्या वर्षी अंदाजपत्रकात ‘महसूल तेवढाच राहिला असता तर दर किती असता’ तोही आकडा छापावा लागतो. समजा, निव्वळ हिशोबासाठी, तुमचं घर तीन लाखांचं आहे आणि दर ६० सेंट. कर १,८०० डॉलर. शहरातल्या एकूण किमती दीडपट झाल्या, तर तेवढाच महसूल ४० सेंटमध्ये मिळतो. तुमचं घरही दीडपट म्हणजे साडेचार लाखांचं झालं असेल तर कर पुन्हा १,८००. पण तुमच्या गल्लीत किमती जास्त चढल्या आणि घर पाच लाख दहा हजारांचं धरलं गेलं, तर कर २,०४० डॉलर. दर उतरला आणि बिल चढलं. लोक म्हणतात शहरानं फसवलं. फसवलं कुणी नाही, शहराच्या सरासरीपेक्षा तुमची गल्ली महाग झाली. किंमत चुकीची वाटली तर दाद मागण्याची मुदत असते. ती चुकवू नका, आणि ती दाद काउंटीकडे मागायची, शहराकडे नाही.

अंदाजपत्रक ही माझी आवडती जागा, तेव्हा थोडं सहन करा. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. खात्यांच्या मागण्या हिवाळ्यातच गोळा होतात. मॅनेजरनं १ जूनच्या आत अंदाजपत्रक मांडायचं, जाहीर सुनावणी घ्यायची, काउन्सिलनं १ जुलैच्या आत मंजूर करायचं. ते तुटीचं असूच शकत नाही, कायदाच तसा आहे. त्याहून मला आवडते ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक करारावर आणि खरेदीच्या आदेशावर वित्त अधिकाऱ्याचा एका ओळीचा दाखला लागतो की कायद्यानं सांगितल्याप्रमाणे याची पूर्वतपासणी झाली आहे, म्हणजे या कामाला तरतूद आहे. ती ओळ नसेल तर करार कायद्याच्या नजरेत करारच नाही.

माझ्या ऑफिसात एकदा एका खात्यानं घाई केली. पाइप फुटला होता, ठेकेदार ओळखीचा, काम चांगलं झालं, बिल आलं. फाइल उघडली तर करारावर ती ओळ नाही. पैसे होते, काम झालं होतं, पाणी सुरू झालं होतं, तरी बिल दोन महिने अडकलं. शेवटी मामला वकिलांपर्यंत गेला आणि सगळं नव्यानं करावं लागलं. ठेकेदार बिचारा रोज फोन करायचा. महाराष्ट्रात असताना ‘कार्योत्तर मंजुरी’ हे शब्द मी किती वेळा टाइप केले असतील याची गणती नाही. इथे ते शब्द वापरायची सोयच नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत मला त्यांची फार आठवण आली.

कर्जाचंही तसंच. शहरानं आपल्या कर लावण्याच्या जोरावर मोठे रोखे काढायचे तर लोकांचं मतदान लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डरहॅमकरांनी २० कोटी डॉलरच्या रोख्यांना होकार दिला, रस्ते-फुटपाथसाठी साडेअकरा कोटी आणि बागांसाठी साडेआठ कोटी. लोकांनी हो म्हटल्यावरही राज्याच्या लोकल गव्हर्नमेंट कमिशनची मंजुरी लागते. महामंदीत इथली गावंच्या गावं कर्ज बुडवायला लागली तेव्हा १९३१ मध्ये ते कमिशन नेमलं गेलं.

आणि इथेच खरा मालक कोण हे कळतं. राज्य. अमेरिकेच्या संविधानात शहराचं नावही नाही, शहर हे राज्याचं अपत्य. नॉर्थ कॅरोलिनात तर शहरांना राज्याच्या विधिमंडळाकडे बघूनच पाऊल टाकावं लागतं. विल्सन नावाच्या गावानं स्वतःची इंटरनेट सेवा सुरू केली, तर २०११ मध्ये राज्यानं कायदा करून बाकीच्या गावांना तसं करणं जवळपास अशक्य केलं. शार्लटनं २०१६ मध्ये भेदभावविरोधी नियम केला, तो राज्यानं महिन्याभरात मोडून काढला. भाडं परवडत नाही म्हणून लोक काउन्सिलसमोर येतात, पण भाडेनियंत्रणाला राज्यानं १९८७ मध्येच बंदी घातली आहे. मग शहरानं काय करायचं? डरहॅमनं २०१९ मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी साडेनऊ कोटी डॉलरचे रोखे मतदानाला टाकले आणि लोकांनी ते मंजूर केले. भाडं थोपवता येत नाही म्हणून घरं बांधायला पैसा उभा केला. आडवळणाचा रस्ता आहे, पण तेवढाच उघडा आहे.

बोलायचं असेल तर काउन्सिलची सभा महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी असते. वादाचे विषय बरेचदा त्याआधी एखाद्या गुरुवारी झालेल्या कामकाज बैठकीत सुटलेले असतात, म्हणून खरं ऐकायचं तर त्या बैठकीला जा. महिन्यातून किमान एकदा नागरिकांना बोलू देणं कायद्यानं बंधनकारक आहे. साधारण तीन मिनिटं मिळतात. नागरिकत्व लागत नाही. एच-वन व्हिसावर असाल तरी मत देता येणार नाही, पण बोलता येईल. शेजारी काही बांधकाम होणार असेल तर एक सावधगिरी: विशेष परवान्याची सुनावणी ही निमन्यायिक असते. त्याबद्दल आधी मेंबरांना ईमेल पाठवू नका, न्यायाधीशाला कोर्टाबाहेर गाठण्यासारखं ते होतं. सुनावणीला या आणि शपथेवर बोला. साध्या झोन बदलाच्या प्रकरणात मात्र हवे तेवढे ईमेल करा.

आता खड्डा. नॉर्थ कॅरोलिनात काउंटीच्या मालकीचे रस्तेच नसतात, १९३१ मध्ये ते सगळे राज्यानं घेतले. त्यामुळे रस्त्याचे मालक तीन: शहर, राज्याचं परिवहन खातं, किंवा खासगी. रॉक्सबरो स्ट्रीटसारखे मोठे रस्ते शहराच्या मधोमध असले तरी राज्याचे. कॉलनीतले आतले रस्ते बहुधा शहराचे. पण तुमची कॉलनी नवी असेल तर चौथीच शक्यता निघते, आणि माझा संशय तिच्यावरच आहे. बिल्डरनं रस्ता बांधलेला असतो, शहरानं तो तपासून ताब्यात घेईपर्यंत दुरुस्ती बिल्डरनं करायची असते, आणि हा ताबा वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो. काही कॉलन्यांत रस्ता कायमचाच सोसायटीचा, म्हणजे इथल्या एचओएचा असतो. खरेदीच्या वेळी सह्या केलेल्या कागदांत ते लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

तेव्हा असं करा. डरहॅम वन कॉल या शहराच्या तक्रार केंद्रावर खड्ड्याची नोंद करा आणि सोबत एकच प्रश्न विचारा: हा रस्ता शहरानं देखभालीसाठी स्वीकारला आहे का? ‘हो’ असेल तर नोंद क्रमांक घ्या आणि वाट बघा. ‘राज्याचा’ असेल तर राज्याच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तक्रार टाका. ‘अजून स्वीकारलेला नाही’ असं उत्तर आलं तर शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्याला विचारा की बिल्डरची हमी रक्कम अजून शहराकडे अडकलेली आहे का. ती असली तर बिल्डर फोन उचलतो.